परफॉर्मन्स गाडीसाठी आफ्टरमार्केट क्लच निवडणे

कंपनीने गाडीत दिलेला क्लच काढून त्याच्या जागी जास्त टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) पेलणारा दुसऱ्या मेकचा क्लच बसवतात, त्याला आफ्टरमार्केट परफॉर्मन्स क्लच म्हणतात. सेटमध्ये क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असतं, बऱ्याचदा फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेली जड चकती जिच्यावर क्लच प्लेट घासते, ते पण सोबतच बदलावं लागतं. मराठवाड्यात हा विषय निघतो तो जास्त करून जुन्या ऑक्टाव्हिया, लॉरा असल्या गाड्यांवरून, कारण छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे आणि या गाड्या जपणारी, ट्यून करणारी मंडळी इकडे आहेत.

गरज कधी पडते? टर्बो गाडीला रिमॅप मारला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं की बीएचपीपेक्षा (पॉवरपेक्षा) टॉर्क आधी वाढतो, आणि तो पण खालीच, 2000 आरपीएमच्या आसपास. लॉरा आरएसचं 1.8 टीएसआय इंजिन कंपनीतून 160 पीएस पॉवर आणि 250 एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) टॉर्कचं यायचं, साध्या रिमॅपवर ते 300 एनएमच्या वर आरामात जातं. कंपनी क्लच देताना इंजिनच्या टॉर्कच्या साधारण सव्वा ते दीडपट ताकदीचा देते, म्हणजे नवीन प्लेट असेल तर हे ओझं कदाचित निघून जाईल पण झिजलेली प्लेट लगेच हात टेकते. ओळखायचं सोपं आहे, मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरला 1800 आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएमचा काटा झरकन वर गेला आणि गाडी मात्र त्या मानाने पळाली नाही तर क्लच घसरतोय. हे सारखं सारखं करून बघू नका, प्रत्येक वेळी प्लेट जळते.

आता निवडायचा कसा. इथं लई जण बीएचपी सांगून क्लच मागतात, ते चुकीचं आहे, क्लचला फक्त टॉर्क कळतो. त्याची ताकद चार गोष्टींवर ठरते: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू किती. समजा 228 मिमीची ऑरगॅनिक प्लेट (कंपनीच्या क्लचसारखं धागे-रेझिनचं लायनिंग असलेली) आहे, गुणांक 0.3 धरा, दाब 6000 न्यूटन, सरासरी त्रिज्या साधारण 0.095 मीटर आणि एका प्लेटच्या दोन बाजू, तर गुणाकार येतो 342 एनएम. याच हिशोबात दाब 20 टक्क्यांनी वाढवला तर 410 मिळतात, दाब तेवढाच ठेवून गुणांक 0.36 चं मटेरियल घेतलं तरी 410, आणि दोन प्लेटांचा ट्विन डिस्क घेतला तर बाजू चार झाल्या म्हणून थेट दुप्पट. गंमत म्हणजे या गणितात प्लेटचं क्षेत्रफळ कुठंच येत नाही. त्यामुळे चार किंवा सहा तुकड्यांची पक प्लेट दिसायला अर्धी असली तरी पकड कमी होत नाही, फक्त तेवढ्या जागेत उष्णता आणि झीज जास्त होते.

प्रत्येक वाटेची किंमत मात्र वेगळी. दाब वाढवला की पेडल जड होतं, आणि तो सगळा जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारं) आणि स्लेव्ह सिलिंडरवर (पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा) पण जातो. सिंटर्ड (धातूची पूड दाबून-तापवून घट्ट केलेली) किंवा सिरॅमिक पक उष्णता मस्त सहन करते पण सोडताना झटक्यात धरते, रिव्हर्सला आणि चढावर गाडी थरथरते, शिवाय फ्लायव्हीलचा फेस खाते. केव्हलर (चिवट कृत्रिम धागा) टिकतं भरपूर पण रुळायला वेळ घेतं आणि एकदा का अति तापलं की वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होऊन पकड जाते. ऑरगॅनिक सगळ्यात गोड चालतं, नॉइज नाही, हाफ क्लचला साथ देतं, फक्त उष्णतेला आधी हरतं. म्हणून रोजच्या वापराच्या गाडीला माझं मत ठाम आहे, जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि पूर्ण गोल, स्प्रिंगवाली ऑरगॅनिक प्लेट, आणि ताकद तुमच्या खऱ्या टॉर्कच्या 20 ते 30 टक्के वर. त्याच्यावर जाऊ नये. 300 एनएमच्या गाडीला 600 चा क्लच घालून शान येत नाही, रोज चालवणाऱ्याचा गुडघा तेवढा दुखतो. स्टेज 1, स्टेज 2, स्टेज 3 असं बॉक्सवर लिहिलेलं असतं त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, एकाचा स्टेज 2 दुसऱ्याच्या स्टेज 1 एवढा पण असू शकतो, त्यामुळे विकणाऱ्याला एनएमचा आकडाच विचारायचा.

इकडचे रस्ते पण हिशोबात धरा. कन्नडचा औट्रम घाट जाम झाला की तासभर चढावर पुढं सरक, थांब, पुढं सरक, आणि उसाच्या सीझनमध्ये डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावं लागतं. मे महिन्यात बाहेरच 42 अंश असतं, अशात पक प्लेटवाला माणूस हाफ क्लचला रडकुंडीला येतो. ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पक प्लेटचं वजन कमी म्हणून गिअर पण पटकन पडतो.

फ्लायव्हीलचा विषय सगळ्यात जास्त पैसे खातो. ड्युअल मास फ्लायव्हील, जे 1985 मध्ये लुक कंपनीने मोठ्या प्रमाणावर आणलं, त्याच्या आत स्प्रिंग असतात आणि इंजिनचे धक्के ते गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाही. जास्त टॉर्कवर या स्प्रिंगच थकतात. ते काढून सिंगल मास, म्हणजे स्प्रिंग नसलेलं एकसंध फ्लायव्हील टाकलं तर क्लचचे पर्याय वाढतात आणि खर्च कमी होतो, पण न्यूट्रलला गिअरबॉक्समधून खडखड येते, डिझेलला तर हमखास. जुन्या ऑक्टाव्हिया 1.8 टर्बो आणि 1.9 टीडीआयवर जी60 चं फ्लायव्हील आणि व्हीआर6 चा (दोन्ही फोक्सवॅगनची जुनी इंजिनं) 228 मिमी क्लच ही जोडी जगभर चालते, फोक्सवॅगनचेच पार्ट असल्यामुळे फिटिंगची कटकट कमी. खूप हलकं फ्लायव्हील मात्र गावात चालवायला त्रास, सिग्नलवर उचलताना गाडी बंद पडते.

नवीन सेट मागवण्याआधी जुनी प्लेट हातात घेऊन नीट बघा. रिव्हेटपर्यंत सारखी झिजली असेल तर तिचं आयुष्य संपलं एवढंच. फेसवर काळपट ओलसर चकाकी असेल, बोटाला तेल लागत असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट सील गळतंय, ते न बदलता हजारोंचा क्लच टाकला तर तो पण महिन्यात घसरणार. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या चिरा दिसल्या तर सिंगल मास असेल तर लेथवर फेस मारून घ्या, चिरा खोल असतील तर बदला, ड्युअल मासला लेथ लावू नका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असते, म्हणून बेअरिंग, सील, बोल्ट सगळं त्याच वेळी नवीन.

मेक म्हणाल तर झेडएफचं साक्स, लुक, व्हॅलिओ, एक्सेडी ही खात्रीची नावं. यातली एक्सेडी म्हणजे पूर्वीची डायकिन, आपल्या चिकलठाणा एमआयडीसीत सीके डायकिन नावाने क्लच बनायचे ती हीच कंपनी पुढे एक्सेडी इंडिया झाली. डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे, तेव्हा बिल आणि पार्ट नंबर जुळल्याशिवाय बॉक्स घेऊ नका, आणि जुन्या प्लेटला नवीन लायनिंग चिकटवून दिलेली रिकंडिशन प्लेट रिमॅप केलेल्या गाडीत अजिबात नको.

बसवल्यावर ऑरगॅनिक क्लचला साधारण 500 ते 800 किमी रुळू द्यावं लागतं, तोपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, लाँच (आरपीएम चढवून झटक्यात क्लच सोडणं) नाही. हे किलोमीटर गावातले, गिअर बदलण्याचे हवेत, समृद्धीवर 120 ने नागपूर जाऊन आलं तर मीटर फिरतं पण क्लच सगळा वेळ पूर्ण धरलेलाच असतो, प्लेट घासतच नाही, त्यामुळे ते यात मोजायचे नाहीत.