डिसेंबरात पाणमोराची शेपटी शोधू नका

गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात गेलात तर पाण्यावरच्या पानांवरून लांबलचक बोटं टाकत चालणारे दोन जातींचे कमळपक्षी दिसू शकतात, एक कांस्यपंखी आणि दुसरा लांब शेपटीचा, ज्याला बरेचजण पाणमोर म्हणतात. घोळ असा की पाणमोराचा फोटो बघावा तिथे पावसाळ्यातलाच, चॉकलेटी अंग, मानेमागे सोनेरी पिवळा पट्टा आणि ती ऐटदार शेपटी, मग आपण डिसेंबरात पण तेच शोधत बसतो. विणीचा सीझन संपला की ती शेपटी झडते हो, अंग वरून फिकट तपकिरी आणि खालून पांढरं होतं.

पूर्ण वाढलेला कांस्यपंखी सोपा आहे. चकचकीत काळं डोकं, पांढरी ठसठशीत भुवई, पाठ हिरवट कांस्य रंगाची, बस. फसवतं ते त्याचं पोर. यांची वीण पावसाळ्यात, म्हणजे हिवाळ्यात तळ्यावर अर्धवट वाढलेली पोरं फिरत असतात आणि ती पण वरून तपकिरी, खालून पांढरी! मी अख्खा एक सीझन अशी पोरं पाणमोर म्हणून वहीत लिहिली, नंतर फोटो झूम करून बघितले तर एकाच्याही गळ्यात हार नाही.

तो हारच बघायचा. पाणमोराच्या डोळ्यातून काळी रेघ निघते, मानेच्या बाजूने उतरते आणि छातीवर हारासारखी आडवी होते. कांस्यपंखीच्या पोराच्या मानेवर नुसती पिवळट-तांबूस झाक असते, डोक्यावर पण तांबूस. तरी डाउट असेल तर उडेपर्यंत थांबा, पाणमोराचे पंख उघडले की पांढरेशुभ्र, फक्त टोकं काळी, कांस्यपंखीचे गडदच राहतात.

संसार मात्र दोघांचा सेम. मादी अंगाने मोठी, साधारण 4 अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते, अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची नराने. कांस्यपंखी बाबा तर पिल्लांना पंखाखाली दाबून उचलून नेतो, नुसते पाय लोंबताना दिसतात.

कोकण रेल्वेने आलात तर करमळी स्टेशनपासून तळं अगदी जवळ आहे, पण सकाळी लवकर या, ऊन वर आलं की पाणी इतकं चमकतं की भुवई काय नि हार काय, सगळे काळेच दिसतात.