दर्या आणि दऱ्या: रफार कधी, ऱ्या कधी, हे मुलांना घरी कसं शिकवायचं

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. दोन्हींत द, अर्धा र आणि या एवढंच आहे. तरी एकात र डोक्यावर चढतो आणि दुसऱ्यात ‘य’च्या डाव्या अंगाला कोरीसारखा बसतो. दुसरी-तिसरीतली मुलं इथे हमखास अडखळतात. त्यात त्यांची चूक नसते, कारण त्यांना ‘अर्धा र आला की डोक्यावर रफार द्यायचा’ एवढाच नियम सांगितलेला असतो. तो नियम पाळणारं मूल ‘दुसर्या’, ‘शेतकर्याने’, ‘पायर्या’ असंच लिहिणार.

फरक मुळात कानाला कळतो, म्हणून शिकवायची सुरुवात पाटीपेन्सिलीने करू नये. ‘दर्या’ सावकाश म्हणून बघा: दर्... या. जीभ ‘र्’वर टेकते आणि तिथे थांबता येतं. अर्ध्या ‘र’चा भार मागच्या ‘द’वर पडतो, यालाच व्याकरणात आघात म्हणतात. आता ‘दऱ्या’ म्हणा: द... ऱ्या. इथे थांबायचं तर ‘द’नंतरच थांबावं लागतं. ‘र’ पुढच्या ‘या’ला चिकटून भर्रकन निघून जातो आणि ‘द’वर काहीच जोर येत नाही. कवितेच्या वृत्तातही हाच हिशोब चालतो. ‘दर्या’तला ‘द’ गुरू धरतात, ‘दऱ्या’तला लघू.

हीच कसोटी मुलांच्या भाषेत आणायची तर ‘कुठे थांबता येतं?’ असं विचारायचं. र म्हणून थांबता आलं तर रफार. र म्हणायच्या आधीच थांबावं लागलं तर ऱ्. टाळ्याही वापरता येतात. ‘सूर्-य’ म्हणताना पहिली टाळी ‘सूर्’वर पडते, ‘पु-ऱ्या’ म्हणताना नुसत्या ‘पु’वर. ‘ऱ्हास’ हा शब्दच ‘ऱ्’ने सुरू होतो, पण रफाराने सुरू होणारा एकही शब्द सापडणार नाही. रफाराला टेकायला मागचं अक्षर लागतंच.

रफाराची एक वेगळी अडचण आहे आणि तिच्यावर वेळ घालवायला हवा. तो ऐकू येतो मागच्या अक्षरापाशी, पण लिहायचा असतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘कर्म’ म्हणताना र ‘क’नंतर लगेच येतो, म्हणून मूल रफार ‘क’वर ठेवतं. असं झालं की नुसतं खोडून बरोबर लिहून देऊ नका. शब्द फोडून दाखवा: क, र्, म. मग पाय मोडलेला ‘र्’ उचलून पुढच्या ‘म’च्या डोक्यावर ठेवला, असं बोट फिरवून दाखवा. लिहिण्याचा क्रमही ठरवून द्यावा. पुढचं अक्षर काना, मात्रा, वेलांटीसकट पुरं करायचं आणि रफार सगळ्यांत शेवटी द्यायचा. ‘मूर्ती’ लिहिताना ‘ती’ पुरती झाली की मगच रफार. मध्येच रफार दिला तर दीर्घ वेलांटी काढायला जागा उरत नाही आणि दोन्ही खुणा एकमेकींत अडकतात.

‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांचा घोळ हा निराळा विषय आहे. तिथे ‘र’ अक्षराच्या आधी की नंतर एवढाच प्रश्न असतो आणि चार दिवसांत तो सुटतो.

कान तयार झाल्यावर दुसरी कसोटी द्यायची, मूळ शब्द शोधण्याची. ‘ऱ्या’ बहुतेक वेळा मराठी शब्दाचं रूप बदलताना तयार होतो. मूळ शब्दाच्या शेवटी रा, री किंवा रे असतं आणि अनेकवचनात किंवा प्रत्यय लागताना तिथे ‘य’ येतो. पुरी, पुऱ्या. पायरी, पायऱ्या. वारा, वाऱ्याने. दुसरा, दुसऱ्या. खरे, खऱ्या. उलट ज्या शब्दात ‘र्य’ मुळातच आहे तिथे रफार हलत नाही: सूर्य, सूर्याला, कार्य, कार्याने, मर्यादा, धैर्य, पर्याय. ‘दर्या’ फारसीतून आलेला, पण त्यातही ‘र्य’ मूळचाच.

ही कसोटी सगळ्यांत छान पटते ती आचार्य आणि आचारी या जोडीत. आचार्य म्हणजे गुरू, त्यांचं ‘आचार्यांना’. आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा, त्याचं ‘आचाऱ्यांना’. ‘आचार्यांना पंगतीला बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना पंगतीला बोलावलं’ या वाक्यांत कोण जेवणार आणि कोण वाढणार हे त्या एका खुणेवर ठरतं. मुलांना हे फार आवडतं आणि लक्षातही राहतं.

‘संस्कृत शब्द असेल तर रफार’ असा सोपा नियम काही घरांत सांगतात. तो टाळावा. ‘अधिकारी’, ‘कर्मचारी’ हे शब्द संस्कृतच आहेत, पण ‘अधिकाऱ्यांना’ हे रूप मराठीने घडवलेलं आहे, म्हणून तिथे ‘ऱ्या’. ‘कर्मचाऱ्यांना’ तर शिकवणाऱ्यासाठी सोन्यासारखा शब्द आहे. त्यात ‘कर्म’चा रफार आहे आणि पुढे ‘चाऱ्यां’मधला ‘ऱ्’सुद्धा आहे. हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दाराला चिकटवून ठेवा. त्याच्याशेजारी ‘कार्यकर्त्यांना’ लावा. त्यात दोन रफार आहेत आणि ऱ् एकही नाही, कारण मूळ शब्द ‘कार्यकर्ता’, त्याच्या शेवटी ‘रा’ किंवा ‘री’ नाहीच.

‘ह’च्या आधी मराठी शब्दांत ऱ् येतो: कुऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा. रफार असलेले ‘अर्हता’, ‘गर्हणीय’ हे शब्द लहान मुलांच्या वाट्याला येत नाहीत, तेव्हा तूर्त ‘ह’च्या आधी ऱ् एवढं सांगितलं तरी चालतं. ज्या ‘ऱ्हस्व’ शब्दाने आपण वेलांट्या शिकवतो तो संस्कृतात ‘ह्रस्व’ आहे. मराठी जिभेने ह आणि र यांची अदलाबदल केली आणि लिपीनेही ती मान्य केली.

घरी रोज दहा मिनिटं पुरतात. पहिला आठवडा फक्त रफाराचा, आणि त्यातही ‘य’ नसलेले शब्द: वर्ग, सर्प, खुर्ची, पर्वत, अर्धा, वर्ष. दुसऱ्या आठवड्यात फक्त अनेकवचनं: दरी-दऱ्या, पुरी-पुऱ्या, सुरी-सुऱ्या, पायरी-पायऱ्या. इथे ऱ् ही नवी खूण म्हणूनच दाखवायची, रफाराचं नावही काढायचं नाही. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ तिसऱ्या आठवड्यात येतात आणि तेव्हाच दोन्ही शेजारी ठेवायचे. बारा चिठ्ठ्या करा, सहा रफाराच्या, सहा ऱ्या-च्या. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलाने चिठ्ठी न बघता रफार वाटला तर डाव्या आणि ऱ् वाटला तर उजव्या वाटीकडे बोट दाखवायचं, मग चिठ्ठी उघडून ताडून बघायची. बारापैकी दहा बरोबर येऊ लागले की लेखनाला हात घाला. दोन्ही खुणा एकाच दिवशी शिकवल्या की मूल अंदाजपंचे लिहायला लागतं आणि ती सवय मोडायला महिने जातात.

तिसऱ्या आठवड्यात उलटी चूक सुरू होईल: ‘काऱ्य’, ‘मऱ्यादा’, ‘सूऱ्य’. घाबरू नका, नवी खूण मुलाला आवडली आहे एवढाच त्याचा अर्थ. ‘याचं मूळ सांग, शेवटी रा, री आहे का?’ असं विचारलं की मूल स्वतःच दुरुस्त करतं. ‘सूर्य’ दीर्घ आणि ‘सुऱ्या’ ऱ्हस्व, याकडेही याच वेळी लक्ष वेधता येईल, पण त्याचे गुण कापू नका. एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

हिंदी पुस्तकांतून देवनागरी शिकलेल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना जास्त वेळ लागतो. हिंदीत ही खूणच वापरत नाहीत, त्यामुळे त्यांना ‘ऱ्या’ अनोळखी अक्षर वाटतं. नेपाळीत मात्र ती आहे. अशा मुलांसाठी कानाचे खेळ दुप्पट घ्या. ‘ऱ्या’तला र घाईत निघून जातो हे त्यांच्या कानावर पुरेसं पडलेलं नसतं.

मोठ्यांच्या संदेशांत ‘शेतकर्यांना’ दिसतं ते बहुधा टंकलेखनामुळे. र, पायमोड (्) आणि य असं दाबलं की संगणक रफारच देणार. ‘ऱ्य’साठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. ऱ, पायमोड, य असं दाबलं की टिंब नाहीसं होऊन ‘ऱ्य’ उमटतो. भारतीय लिपींसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की हा ऱ मिळतो. फोनवर तो बहुधा र दाबून धरल्यावर वर येतो. मुलाला हा ऱ एकदा दाखवा आणि त्याच्याकडून आजीला एक ओळ पाठवून घ्या: ‘आजी, सूर्य उगवला, वाऱ्यावर कपडे वाळले, आईने पुऱ्या केल्या.’