आत्मा बोलावला की बॉसचं रक्त वाढतं? नाही!

'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेममध्ये स्पिरिट अ‍ॅश (लढाईत मदतीला आत्मा बोलावणारी वस्तू) वापरली की बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, हेल्थ वाढते, म्हणून एकट्यानंच लढावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या खेळणाऱ्या पोरांत हा समज अजून पक्का आहे. तो चूक आहे. हेल्थ वाढते ती ऑनलाइन दुसरा माणूस सोबतीला घेतला तर. अ‍ॅशमुळे बॉसचं रक्त तसूभरही वाढत नाही.

मग अ‍ॅश 'फुकट जाते' असं का वाटतं? बहुतेकदा ती वाढवलेलीच नसते. राउंडटेबल होल्ड या खेळातल्या तळावर रोडेरिका हे पात्र ती प्लस १० या सर्वात वरच्या पातळीपर्यंत नेते. साध्या अ‍ॅशला ग्रेव्ह ग्लव्हवर्ट (खेळात सापडणारं फूल) लागतं, नामांकित अ‍ॅशला घोस्ट ग्लव्हवर्ट. सुरुवातीचे तीन लांडगे ५५ एफपीत (जादू-कौशल्यांसाठीची ऊर्जा) येतात, पण तसेच ठेवून शेवटच्या बॉससमोर सोडले तर दोन फटक्यांत आडवे होणारच की!

दुसरी चूक वेळेची. आत्मा बोलावायची घंटा वाजवताना तुम्ही जागेवर अडकता. बॉस अंगावर धावून येत असेल तर आधी एक फटका चुकवा, लांब व्हा, मग वाजवा. बॉस लांडग्यांकडे वळला की पाठीमागून मारा. तेव्हा लांब उभं राहून गंमत बघणं म्हणजे निव्वळ वाया. एका लढाईत एकदाच बोलावता येतं.

मिमिक टिअर ही अ‍ॅश एफपी घेत नाही, तुमचंच ६६० एचपी (हेल्थ) घेते. बोलावताना अंगावर जे असेल त्याचीच ती नक्कल करते, म्हणून चांगलं हत्यार आधी हातात घ्या. तुम्हाला हवं तर नंतर बदला.