कुलूप तबकडीला, अडचण मालवणात

गणपतीला चाकरमानी आले की मालवणातल्या आमच्या घरी एखादी तरी डीव्हीडी यायचीच. घरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी ओपन सोर्स प्रणाली. गावच्या दशावताराची किंवा कुणाच्या लग्नाची तबकडी घातली की लगेच सुरू व्हायची; दुकानातून विकत आणलेली मात्र बऱ्याचदा चित्राच्या जागी नुसते रंगीत चौकोन दाखवायची. काका म्हणायचे, ''फुकटचा सॉफ्टवेअर, असाच चलतला.'' दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. दशावताराच्या तबकडीला कुलूप नव्हतं, विकतच्या तबकडीला होतं.

१९९६ साली डीव्हीडी बाजारात आली ती सीएसएस नावाचं ४० बिटांचं कुलूप घेऊनच. त्याची चावी हवी तर प्लेअर बनवणाऱ्यानं पैसे भरायचे आणि ती गुप्त ठेवण्याचा करार करायचा. ओपन सोर्सचं घोडं अडलं ते इथं. ज्याचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो त्यात गुपित ठेवणार कुठं? पैशांची सोय झाली तरी करार पाळता येत नाही. उलट कारखान्यात तबकड्या जशाच्या तशा छापून विकणाऱ्या चोराला कुलूप उघडावंही लागत नाही. अडतो तो पैसे मोजून तबकडी आणलेला माणूस, आणि मला याचाच राग येतो.

त्याच वर्षी डिसेंबरात जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला आणि अशा कुलपांना कायद्याचं संरक्षण द्यायचं ठरलं. अमेरिकेनं १९९८ मध्ये डीएमसीए कायदा केला. त्यानं कुलूप उघडण्याबरोबरच उघडण्याचं साधन वाटणंही बेकायदा ठरवलं. पुढच्याच वर्षी नॉर्वेतल्या पंधरा वर्षांच्या यॉन योहानसेनच्या नावाशी जोडलेला, सीएसएसचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम बाहेर आला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणं हा गुन्हा नाही, असं म्हणत नॉर्वेच्या न्यायालयांनी २००३ मध्ये त्याला दोनदा निर्दोष सोडलं. न्यूयॉर्कच्या न्यायालयानं मात्र २००० मध्येच हा प्रोग्राम प्रसिद्ध करायला बंदी घातली होती.

भारताचा कायदा खरं तर पुष्कळ समजूतदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडलं तरच. दुसऱ्याला वैध कामासाठी मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण लिहून ठेवायचं. गावात संगणक दुरुस्त करणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तरीही अडचण उरलीच, कारण आपण वापरतो ते लिनक्स जगभरासाठी एकत्र बांधलं जातं आणि बांधणारे सगळ्यांत कडक कायदा धरून चालतात. हे कुलूप उघडणारं, फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन प्रकल्पाचं लिबडीव्हीडीसीएसएस हे सॉफ्टवेअर डेबियन या लिनक्सच्या भांडारात नाही. आहे ते एक छोटं पॅकेज, जे कोड नेटवरून आणतं आणि तुमच्याच संगणकावर बांधतं. आमच्या घरात रेंज नाही. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, पेळेवर (कठड्यावर) मोबाइल ठेवला, हॉटस्पॉट लावला, दोन ओळींची आज्ञा दिली आणि काकांची डीव्हीडी सुरू झाली.

आता डीव्हीडी गेल्या, चित्रपट नेटवरून ब्राउझरमध्ये पाहतात. ब्राउझरमधल्या कुलपाला २०१७ मध्ये वेबच्या मानकात जागा मिळाली. ते उघडणारा भाग बंदिस्त असतो, त्याचा कोड कुणाला दिसत नाही. कित्येक चित्रपट-सेवा लिनक्सवर मुद्दाम कमी स्पष्ट चित्र पाठवतात, वर्गणी मात्र तेवढीच घेतात. आणि या वेळी खळ्यात मोबाइल ठेवून आणता येईल असं पॅकेज नाही.