थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज का पडतं, आणि तरी ती घ्यावी का

बर्फ पडणाऱ्या भागात राहणारं कोणी महागडी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) एसयूव्ही घ्यायचं म्हणालं की कोणीतरी एक आकडा समोर टाकतंच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे तो: शहरातल्या ड्रायव्हिंगमध्ये साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज 25 अंश सेल्सिअसच्या मानाने उणे 7 अंशाला साधारण 15 टक्क्यांनी पडतं, आणि हायब्रिडचं 30 ते 34 टक्क्यांनी. झालं, मग लगेच "बघा, हायब्रिड हिवाळ्यात बिनकामाची" असा निकाल लागतो.

आकड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण टक्के हे आपल्याच उन्हाळ्यातल्या ॲव्हरेजचे असतात हे लोक विसरतात. समजा हायब्रिड उन्हाळ्यात लिटरला 20 किलोमीटर देते, तर 32 टक्के पडून ती साडेतेराच्या आसपास येईल. साधी गाडी 11 देत असेल तर 15 टक्के पडून सव्वानऊवर. म्हणजे 100 किलोमीटरला हायब्रिड सव्वासात-साडेसात लिटर पिणार आणि साधी पावणेअकरा. फरक कमी झाला हे कबूल, उन्हाळ्यात चार लिटरचा होता तो सव्वातीनवर आला, पण गणित काही उलटं झालं नाही.

मला त्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो प्रश्न म्हणजे हायब्रिडचं *जास्त* का पडतं. याचं उत्तर कळलं ना, की आपण गाडी घ्यावी की नाही हे अर्धं तिथेच ठरतं.

पेट्रोल इंजिनात जाळलेल्या पेट्रोलपैकी फार तर एक तृतीयांश ते 40 टक्के ऊर्जा चाकांच्या कामी येते, बाकी सगळी उष्णता. त्यातला मोठा भाग सायलेन्सरमधून बाहेर जातो, आणि साधारण तितकाच कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात. गाडीचा हीटर याच फुकटच्या गरम पाण्यावर चालतो. आता जरा हिशोब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 किलोवॅट-तास ऊर्जा असते. शहरात ट्रॅफिक धरून सरासरी वेग 25 चा. साधी गाडी 100 किलोमीटरला 9 लिटर घेत असेल तर तासाला सव्वादोन लिटर, म्हणजे 20 किलोवॅट इतकी ऊर्जा जळतेय, त्याचा एक तृतीयांश कूलंटमध्ये गेला तर साडेसहा किलोवॅटची शेगडी आयती मिळाली. कडाक्याच्या थंडीत मोठ्या गाडीची केबिन गरम करायला 4-5 किलोवॅट लागतात. म्हणजे भागतं, वर उरतं सुद्धा.

हायब्रिड तेवढ्याच रस्त्याला अर्धं पेट्रोल घेते, म्हणजे कूलंटमध्ये सव्वातीन-साडेतीन किलोवॅट. पुरत नाही! सिग्नलला इंजिन बंद, उतारावर बंद, हळू चालताना बंद, आणि तिकडे हीटर मात्र पूर्ण जोरात. पाणी गार व्हायला लागलं की गाडीचा कंप्युटर इंजिन चालू करतो, चाकांना गरज नसताना, निव्वळ उष्णतेसाठी. वाया जाणारी उष्णता कमी करूनच हायब्रिड पैसे वाचवते आणि हिवाळ्यात नेमकी तीच उष्णता आपल्याला हवी असते. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला, काम सुरू करायला 250-300 अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठीही सकाळी इंजिन काही वेळ बंद होऊ देत नाहीत. यात गाडी खराब झालीये असं काही नसतं.

टोयोटाने 2009 च्या तिसऱ्या पिढीच्या प्रिअसमध्ये यावर एक छान उपाय केला होता, सायलेन्सरच्या गरम धुरातली उष्णता परत कूलंटमध्ये ओढून घ्यायची म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि लवकर बंद करता येतं. लक्झरी गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची असते आणि तिला लोक चैन समजतात: गरम होणारी सीट आणि गरम होणारं स्टिअरिंग. सीट थेट पाठीला चिकटून उष्णता देते म्हणून एका माणसाला 50-100 वॅट पुरतात, आणि सगळी हवा तापवायला लागतात हजारो वॅट. हीटर दोन-तीन अंश खाली आणि सीट चालू, असं केलं की इंजिन बंद राहण्याचा वेळ खरंच वाढतो. या साध्या युक्त्या सोडून लोक पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधतात "रेणू सरळ होऊन नीट जळतात" म्हणून! पेट्रोलच्या रेणूंवर तसल्या चुंबकाचा काडीचाही परिणाम होत नाही, अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) ॲव्हरेज वाढवणारी असली शंभरावर उपकरणं तपासली आणि जवळजवळ सगळी निरुपयोगी निघाली, तरी विक्री चालूच आहे.

आता बॅटरी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण थंडीत लिथियम-आयन सेलच्या आत जे होतं ते मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर भानगडींपैकी एक वाटतं.

चार्जिंग होताना लिथियमचा आयन एका बाजूच्या धातू-ऑक्साइडमधून निघतो, द्रवातून पोहत पलीकडे जातो आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतो. द्रव म्हणजे पाणी नाही, सेंद्रिय कार्बोनेटांचं मिश्रण. त्यातलं मुख्य इथिलीन कार्बोनेट तर एकटं असेल तर 36 अंशांच्या खाली गोठतं, म्हणून त्यात पातळ कार्बोनेटं मिसळतात. गारठ्यात हे मिश्रण घट्टसर होतं आणि आयनांचा वेग मंदावतो. एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. खरी अडचण पोहण्यात नाही, शेवटच्या पायरीवर आहे. आयन एकटा फिरत नाही, त्याच्याभोवती द्रावकाचे चारेक रेणू चिकटलेले असतात, आणि ग्राफाइटच्या थरांमधली जागा इतकी अरुंद की हे लटांबर घेऊन आत शिरता येत नाही. जाड कोट घालून आलेल्या माणसाने अरुंद दारात आधी कोट उतरवायचा आणि मगच आत जायचं, तसं काहीसं. कोट उतरवायला ऊर्जा लागते, आणि ती आयनाला आजूबाजूच्या उष्णतेतूनच मिळते.

अशा पायऱ्यांचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही, घातांकी बदलतो, हे स्वांते आरेनिअसने 1889 मध्ये मांडलं. वेग हा e चा उणे Eₐ भागिले RT इतक्या घाताच्या प्रमाणात असतो (R हा एक स्थिरांक, T म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान). या पायरीचा अडथळा, म्हणजे Eₐ, 50 किलोज्यूल प्रति मोलच्या घरात धरला आणि 25 अंशांवरून उणे 10 वर आलो तर वेग जवळपास 15 पटींनी कमी होतो. केल्व्हिनमध्ये बघितलं तर 298 वरून 263, जेमतेम 12 टक्के घट! आणि परिणाम 15 पट.

मग दारात गर्दी होते. आत जाणारे कमी, मागून चार्जर ढकलतोय. पूर्ण चार्जच्या जवळ असलेलं ग्राफाइट शुद्ध लिथियम धातूपेक्षा जेमतेम 0.1 व्होल्टने वर असतं. जबरदस्तीने करंट दाबला की तेवढं अंतर सहज खाऊन जातं, ग्राफाइटचं विभव लिथियम धातूच्याही खाली जातं, आणि मग आयनाला आत शिरण्यापेक्षा बाहेरच पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेऊन धातू बनून बसणं सोपं पडतं. यालाच लिथियम प्लेटिंग म्हणतात. बसलेला काही धातू नंतर विरघळून परत येतो, काही द्रवाशी प्रक्रिया करून कायमचा निकामी होतो, म्हणजे बॅटरीची क्षमता तेवढी गेली, आणि काही वेळा त्याचे सुईसारखे फाटे वाढतात, ते पलीकडे पोचले तर आत शॉर्टसर्किट. 1970 च्या दशकात व्हिटिंगहॅम या रसायनशास्त्रज्ञाच्या सेलमध्ये लिथियम धातूच वापरला होता आणि तिथे हाच त्रास होता. 1985 मध्ये जपानच्या योशिनोंनी धातू काढून त्याजागी कार्बन टाकला म्हणून सेल सुरक्षित झाला, पुढे 2019 चं नोबेल या दोघांना आणि गुडइनफ यांना मिळालं. थंडीत जोरात चार्ज करणं म्हणजे जो धातू त्यांनी दारातून बाहेर काढला तो खिडकीतून परत आणणं.

म्हणून शून्याखाली गाडीचा कंप्युटर चार्जिंगचा करंट कडक आवळतो. याचा थेट अनुभव चालवताना येतो: सकाळी पहिल्या काही किलोमीटरला ब्रेक मारताना मोटरने जी वीज परत भरायची (रीजन) ती फारशी भरली जात नाही, साधे डिस्क ब्रेकच काम करतात, आणि हायब्रिडच्या कमाईचा एक मोठा भाग तिथे जातो. डिस्चार्जला एवढा धोका नाही, फक्त ताकद थोडी कमी मिळते. आणि नुसती उभी राहून गारठलेली बॅटरी खराब होत नाही, उलट बॅटरीचं वय वाढवते ती उष्णता.

साधी, म्हणजे प्लग न लावता चालणारी हायब्रिड इथे बरीच निवांत असते. तिची बॅटरी लहान, एक-दोन किलोवॅट-तासांची, आणि कंप्युटर तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो, पूर्ण भरू देत नाही, त्यामुळे ग्राफाइट त्या 0.1 व्होल्टच्या काठावर जातच नाही. काही हायब्रिडमध्ये तर अजूनही निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते, तिथे लिथियमच नाही तर प्लेटिंग कुठलं. प्लग-इनची, म्हणजे प्लग लावून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडची, बॅटरी मोठी असते, तिला गारठा जास्त जाणवतो. प्लग-इन घेणार असाल तर एकच प्रश्न विक्रेत्याला पुन्हा पुन्हा विचारा: हीटर विजेवर चालतो का, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा, उलटा चालणारा एसी) आहे का? नसेल तर हीटरचं बटण दाबलं की इंजिन सुरू, आणि ब्रोशरमधले ते "इलेक्ट्रिक किलोमीटर" हिवाळ्यात कागदावरच राहतात. असेल, आणि घरी प्लग असेल, तर निघण्याआधी प्लग लावलेल्या अवस्थेत केबिन तापवून घेता येते, काही गाड्यांत बॅटरीसुद्धा, वीज भिंतीतून येते, आणि वरचं सगळं गणित तुमच्या बाजूने फिरतं. 48 व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडला, जिथे छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, मी यात धरतच नाही, हिवाळ्याच्या दृष्टीने ती साधी पेट्रोल गाडीच.

चारही चाकं ओढण्याबद्दल थोडक्यात. सगळ्या हायब्रिडचं फोर व्हील सारखं नसतं. 2005 च्या लेक्सस आरएक्स 400एच मध्ये मागच्या चाकांना इंजिनपासून जाणारा शाफ्टच नव्हता, 50 किलोवॅटची वेगळी मोटर होती. व्होल्वो एक्ससी 90 टी8 मध्येही मागे मोटरच. बीएमडब्ल्यू एक्स5 च्या प्लग-इनमध्ये मोटर गिअरबॉक्समध्ये आणि चारही चाकांना मेकॅनिकल जोडणी. मोटरवाल्या पद्धतीचा फायदा असा की मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो, चाक घसरायला लागल्याबरोबर. तोटा असा की लांब चढणीवर, खोल बर्फात सतत मागून ताकद हवी असेल तर छोट्या बॅटरीची आणि जनरेटरची मर्यादा आड येते. डोंगराळ भागात रोज जाणाऱ्याने मेकॅनिकल जोडणीच बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पण जाहिरातीत बर्फ उडवत जाणारी गाडी दाखवतात ती वेग *घेताना* दाखवतात, थांबताना नाही. थांबण्यासाठी प्रत्येक गाडीचे चारही ब्रेक आधीपासून आहेतच, फोर व्हील ड्राइव्हने तिथे काही वाढत नाही. ताशी 50 च्या वेगाने, कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.8 धरला तर ब्रेक लागल्यापासून साधारण 12 मीटरमध्ये थांबता, दाबल्या गेलेल्या बर्फावर 0.2 धरला तर 50 मीटर, चकचकीत बर्फावर 0.1 म्हणजे 100 मीटर. इथे फक्त रबर मदतीला येतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्यावरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला पकडतात. टायरवर डोंगराच्या चित्रात हिमकण असलेली खूण बघा, ती बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळते, नुसतं "एम प्लस एस" कंपनी स्वतःच छापू शकते. लक्झरी गाडीला 21 इंची रिम दिसायला भारी, पण त्या मापाचे हिवाळी टायर महाग आणि त्यांच्या बाजू बुटक्या, तेव्हा ब्रेकवर बसतील तेवढ्या लहान रिमचा एक वेगळा हिवाळी सेट गाडीबरोबरच सांगून ठेवावा.

मग घ्यावी का? रोजची फेरी चार-पाच किलोमीटरची, गाडी रात्रभर उघड्यावर आणि प्लग नाही, अशी स्थिती असेल तर हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असता, आणि गारठलेल्या इंजिनात तेलात पेट्रोल व पाणी उतरतं ते वेगळंच. रोज तीस-चाळीस किलोमीटर, त्यात शहराचा भाग मोठा, तर साधी हायब्रिड डोळे मिटून घ्या. घरी प्लग आणि विजेवरचा हीटर असेल तर प्लग-इन. सतत हायवे असेल तर कोणत्याही हायब्रिडचा फायदा मुळातच कमी, त्यात उणे 20 अंशांची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा 16 टक्क्यांनी घन असते, म्हणजे हवेचा विरोधही तेवढाच वाढतो.

टेस्ट ड्राइव्ह मात्र दुपारी तापलेल्या गाडीची घेऊ नका. थंडीतल्या सकाळची मागा, गाडी रात्रभर बाहेर उभी असलेली हवी, हीटर 22 वर लावा आणि इंजिन पहिल्यांदा कधी बंद होतं ते घड्याळात बघा.