तबकडीवरचा पत्ता शोधताना

झाकणाला काच असलेल्या सीडी प्लेअरमध्ये पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्या गाण्यावर गेले, की तबकडी मंदावताना डोळ्यांना दिसते. आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेणारी तबकडी कडेपाशी २०० फेऱ्यांवर येते. सीडीवरची माहिती एकाच सलग सर्पिल वाटेवर आतून बाहेर लिहिलेली असते; कडेच्या वळणाची लांबी आतल्या वळणाच्या दुपटीहून अधिक असली, तरी लेसरखालून ही वाट सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर या दरम्यानच्या एकाच ठरलेल्या गतीने सरकावी लागते.

खरी कसरत उडी मारताना होते. शेजारशेजारच्या वळणांत अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर असते. तबकडी केंद्रापासून ०.०५ मिलिमीटर जरी सरकून बसली, तरी प्रत्येक फेऱ्यात वाट दोन्ही बाजूंना तीसेक वळणांइतकी झुलते. त्यामुळे ड्राइव्ह आधी अंदाज बांधतो: भिंगाचा गाडा मोटरने सरकवतो, ओलांडलेली वळणे मोजतो आणि मग भिंगाला जोडलेल्या कॉइलच्या बळावर एखाद्या वळणावर स्थिरावतो. तिथे मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशा रूपात लिहिलेला पत्ता वाचल्यावरच आपण नेमके कुठे आलो ते त्याला कळते; चुकले असेल तर पुन्हा छोटी उडी. मात्र पत्ता वाचता येण्यासाठी फिरण्याचा वेगही त्या जागेला साजेसा झालेला असावा लागतो. गाडा पोहोचलेला असतो आणि तबकडी अजून वेग बदलत असते, असा खोळंबा त्यात ठरलेलाच.

गाणे ऐकणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, पण संगणकाला इकडचे-तिकडचे तुकडे सतत लागतात. म्हणून पुढच्या वेगवान ड्राइव्हनी फेऱ्यांचा वेगच कायम ठेवला आणि माहितीचा ओघ जागेनुसार बदलू दिला, हा तोडगा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. ‘५२ पट’ असे लिहिलेल्या ड्राइव्हमध्ये तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, पण गाण्याच्या सीडीच्या नेहमीच्या ओघाच्या ५२ पट हा आकडा फक्त कडेचा. आतल्या टोकाला ओघ बावीस-तेवीस पटच भरतो. लिखाण आतूनच सुरू होत असल्याने अर्धवट भरलेली सीडी ५२ पटींपर्यंत कधी पोहोचतच नाही.