उभ्या आसाच्या टर्बाइनचं पेटंट: पीसीटी अर्ज कुठे अडतो

तरंगत्या पवनचक्कीसाठी किंवा वाहत्या पाण्यासाठी उभ्या आसाची टर्बाइन बनवणाऱ्यांचे पीसीटी (पेटंट सहकार्य करार) खालचे आंतरराष्ट्रीय अर्ज अडकतात ते तारखांत आणि दाव्यांच्या, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं म्हणून मागतो त्या कलमांच्या, भाषेत. पात्रता सोपी आहे: किमान एक अर्जदार पीसीटी करारातल्या देशाचा नागरिक किंवा रहिवासी हवा. अर्जात लागतं ते विनंतीपत्र, वर्णन, दावे, गोषवारा, आकृत्या आणि बाकी शुल्क.

आता तारखा. पहिला अर्ज कुठेही केलात, ती अग्रक्रमाची तारीख. तिथून १२ महिन्यांत पीसीटी अर्ज आणि तिथूनच ३० महिन्यांत राष्ट्रीय टप्पा, म्हणजे हव्या त्या प्रत्येक देशात अर्ज पुढे नेणं (काही देशांत ३१). हे ३० महिने पीसीटी अर्जाच्या दिवसापासून मोजू नका. तसं मोजणाऱ्याला मुदत संपल्याचं कळतं तेव्हा बहुधा हातात काही उरलेलं नसतं.

कुणाकडेच नसलेला कागद म्हणजे हक्क हस्तांतरणपत्र. पात्यांचा छेद विद्यार्थ्याने काढला, नांगरदोरांची (तरंगता पाया जागी धरणाऱ्या दोरांची) मांडणी सल्लागाराने केली आणि अर्ज कंपनीच्या नावे! सह्या आधीच घ्या. राष्ट्रीय टप्प्यापर्यंत माणसं पांगतात. आणि कृपा करून अर्जाआधी चाचणीचा व्हिडिओ टाकू नका, बऱ्याच देशांत नावीन्य तिथेच संपतं.

दाव्यांत ‘जनरेटर तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली’, ‘कुठल्याही दिशेचा वारा चालतो’ असं लिहून काही मिळत नाही, ते जुनंच आहे. उभ्या आसाच्या टर्बाइनचं डॅरियसचं अमेरिकी पेटंट १९३१ चं, पिळदार पात्यांचं गोर्लोव्हचं १९९५ चं. तुमचं नवं नेमकं काय? पातं आणि भुजेचा सांधा, पिच (पात्याचा कोन) बदलणारी यंत्रणा, की टॉर्कचे (फिरवणाऱ्या जोराचे) हेलकावे नांगरदोरांपर्यंत जाऊ न देणारी जोडणी? तेवढंच मागा. वर्णनात पात्यांची संख्या, छेद, रुंदी, रोटरची त्रिज्या द्या. ‘योग्य आकाराची पाती’ म्हणजे अपुरं वर्णन. कार्यक्षमता ५९.३ टक्क्यांच्या बेट्झ मर्यादेच्या (मोकळ्या प्रवाहातून रोटर काढू शकेल त्या ऊर्जेच्या कमाल वाट्याच्या) वर दाखवत असाल तर कुठल्या क्षेत्रफळाने भागलं ते सांगा. अरुंद चाचणी कालव्यात रोटर प्रवाह अडवतो आणि आकडा फुगतो, हे परीक्षकालाही ठाऊक असतं.

वारा आणि पाणी एकाच अर्जात घालायचं तर दोन्हींत सामाईक, नवं वैशिष्ट्य एकच हवं. तरंगता पाया एक शोध आणि पाण्याखालचं बेअरिंग दुसरा ठरला, तर जादा शोधशुल्काची (आधीची पेटंटं धुंडाळण्याच्या शुल्काची) सूचना येते. ते भरायला एकच महिना मिळतो आणि शुल्क न भरलेल्या भागासाठी ही धुंडाळणी केली जात नाही.